शामलाचं हुहुय

शामला परबला आपल्या देवगडपेक्षा एका वेगळ्याच गावाची खडान्‌खडा माहिती होती, आणि ते गाव तिने कधी पाहिलेलं नव्हतं. हुहुय त्याचं नाव. अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला, डोंगरात, दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेली प्रांताची राजधानी. मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं म्हातारीला उचकी लागली.

म्हातारी म्हणजे दोन्या एल्विरा. 'दोन्या' म्हणजे त्यांच्याकडचं 'बाईसाहेब'. तिचा थोरला मुलगा राउल कुवेतला तेलाच्या धंद्यात इंजिनिअर होता. वडील गेल्यावर त्याने आईला साल्मियातल्या फ्लॅटवर आणलं आणि वर्षभरात तिला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा तिचे हातपाय हलवायला जायची. शामला आमच्या वॉर्डात आया होती. तिचे हात बरे म्हणून राउलने तिला घरीच ठेवून घेतलं. हे एकोणऐंशी साल.

या शामलाला कशाचंच काही वाटत नसे. वादळ सुटून घरभर वाळू झाली की म्हणायची, "झाडूया." म्हातारी चिडून वाटी फेकायची, तरी, "पुसूया." मी पुण्याची, तोंडाळ, मला अशा थंड माणसांचा राग येतो. एकदा मी विचारलंच, "अगं, तुला कधी रडू-बिडू येतं की नाही?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पयला येयचा."

तिचा नवरा काशिनाथ गलबतावर खलाशी होता. चौऱ्याहत्तर साली त्याचं गलबत आखाताकडे निघालं ते कुठे पोचलंच नाही. ना माणूस सापडला, ना एखादी फळी. शामला कुवेतला आली ती पोटासाठी हे खरं, पण सुरुवातीला ती दर शुक्रवारी धक्क्यावर जाऊन गलबतवाल्यांना विचारत फिरायची. पुढे तेही सुटलं. गळ्यात मंगळसूत्र तेवढं राहिलं, आणि गावी दिराकडे मुलगी, लता.

एल्विराला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. शामला तिच्याकडून ते शिकली, कसं ते देव जाणे. दुपारच्या जेवणानंतर म्हातारी पावाच्या चुऱ्याने टेबलावर गाव मांडायची. मधोमध चौक, त्यात नारिंगाची झाडं. एका बाजूला मोठं चर्च, आत सोन्याचा मुलामा दिलेलं कोरीव लाकडी व्यासपीठ. दुपारी सगळ्या गावाच्या खिडक्या बंद; माणसं झोपून उठली की संध्याकाळी चौकात फिरायला येणार. कुवेतमध्येही दुपारी दुकानं बंद होतात, तेवढी एकच गोष्ट म्हातारीला इथली पटली होती.

तिचा सगळ्यात आवडता किस्सा म्हणजे गाव सोडून गेल्याचा. स्वातंत्र्याच्या लढाईत शत्रू चालून येत होता तेव्हा हुहुयच्या लोकांनी आपलीच घरं, आपलीच पिकं पेटवली आणि बायकापोरांसकट गाव सोडलं. शत्रूच्या हाती राख. अजूनही दर ऑगस्टला लोक गवताच्या झोपड्या बांधून त्या जाळतात आणि रस्त्याने चालत निघतात. हे सांगताना म्हातारीचा उजवा हात असा काही फिरे की मला वाटे, आता डावाही हलेल. शामलाने ऐकून घेऊन एकच विचारलं होतं, "मागीर परत इली ना माणसा?" आली, म्हातारी म्हणाली. "मग बरा."

एल्विराचा धाकटा मुलगा नेस्तोर. कॉलेजात शिकत होता. शहात्तर साली, तिकडे लष्कराचं राज्य आलं त्या वर्षी, काही माणसं मोटार घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. त्यानंतर काहीच कळलं नाही. हे मला शामलाने सांगितलं, भाजी निवडता निवडता.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात मात्र शामलाच्या हातून चूक झाली. त्या गावात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांसाठी टेबल मांडतात. ज्याला जे आवडायचं ते रांधून ठेवायचं. शिवाय पावाची शिडी भाजायची, म्हणजे त्यांना वरून उतरता येतं. इतकी वर्षं म्हातारी एका हाताने जमेल तेवढं करायची. त्या वर्षी सगळं शामलावर पडलं. "ताई, हो त्येंचो म्हाळच," ती मला म्हणाली. आपल्याकडे पितृपक्षात जे करतात तेच. म्हणून तिला शिकवावं लागलं नाही.

नवरा, आई, वडील, बहीण, अशी चार ताटं एल्विराने सांगितली. शामलाला वाटलं, म्हातारी नेस्तोरला विसरली. झटक्यानंतर ती पुष्कळ काही विसरायची. पितरांत कुणी राहून गेलं तर केवढा दोष! तेव्हा कुणाला न विचारता तिने पाचवं ताट मांडलं. नेस्तोरला आवडायचा तो कोवळा मका वाटून त्याच्याच सालीत वाफवलेला प्रकार केला, शेजारी छोटी शिडी ठेवली.

मी तेव्हा तिथेच होते. एल्विराने ताटं मोजली. मग चांगल्या हाताने ते पाचवं ताट ओढून शामलाच्या हातात दिलं आणि हळूहळू काहीतरी बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जिन्यात मी शामलाला गाठलं. "काय म्हणाली?"

"म्हणता, तो मेलो म्हणान माका अजून कोणी सांगूक नाय. ज्याची वाट बघतंय तेका ताट वाढूचा नसता." ती कठड्याला धरून उभी राहिली. "आणि मी दिराक होय सांगान बसलंय."

मला ठाऊकच नव्हतं. काशिनाथचं गलबत जाऊन बारा वर्षं होत आली होती. बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, मग तो मेला असं धरायचं. दिराने विचारलं आणि शामला नेहमीसारखी 'करा' म्हणून मोकळी झाली होती.

तिने निरोप पाठवला, आत्ता नको. त्या थंडीत ती पुन्हा धक्क्यावर जाऊ लागली. एकदा माझ्यावर खेकसली सुद्धा, आणि मला बाई बरं वाटलं.

पण लताची दोन स्थळं मोडली. नवऱ्यामुलाकडचे विचारत, बाप आहे की नाही ते एकदा सांगा. शेवटी लतानेच राउलच्या घरी फोन केला. मी एल्विराचा खांदा चोळत होते, ती बारीक चिरकी ओरड मलाही ऐकू आली. "आये, माका अजून किती थांबवतलंस?"

शामला मे महिन्यात गावी गेली. पुतळा जळला, लताचं लग्न झालं, जूनमध्ये ही परत आली. गळा मोकळा, हात मोकळे. एल्विराने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या गळ्यावरून हात फिरवला. शामलाने पदर कमरेला खोचून वाळू झाडायला घेतली. पुन्हा 'झाडूया', पुन्हा 'पुसूया'.

नोव्हेंबर आला. टेबलावर पांढरं कापड, चार ताटं. एल्विराने पाचवं मागवलं आणि शामलाच्या समोर ठेवलं. इतकं स्पॅनिश मलाही कळायला लागलं होतं: हे तुझ्या माणसाचं. काय आवडायचं त्याला?

शामला ताटाकडे बघत राहिली. एल्विराच्या नवऱ्याला मिरची किती लागायची, बहीण कशात साखर घालायची, नेस्तोर काय मागून घ्यायचा, तिला सगळं पाठ होतं. म्हातारीने पुन्हा विचारलं. शामलाने डोळे मिटले, उघडले.

"माका आठवणा नाय," ती म्हणाली. म्हातारीला मालवणी कुठून कळणार? ती माझ्याकडे बघू लागली, सांग म्हणून. मी मान खाली घातली.

गलबत चौऱ्याहत्तरला बुडालं असेल, पुतळा मेमध्ये जळला. पण काशिनाथ गेला तो त्या संध्याकाळी, आमच्या दोघींच्या देखत. आणि शामला तोंडावर पदर घेऊन, इतक्या वर्षांनी, मोठ्याने रडू लागली.