पायरीचं पाणी

समोरच्या नव्या स्लॅबवर वॉचमन पाइपने पाणी मारत होता. एक कोपरा कोरडाच राहिला. बाबा असते तर त्यांनी आमच्या गॅलरीतूनच हाक मारून सांगितलं असतं.

बाबा धरणांवर इंजिनिअर होते. आमचे कितीतरी वाढदिवस त्यांच्यावाचून गेले. "काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं," ते म्हणायचे. "ओतणारे घरी गेले की खरं जपायचं असतं."

निवृत्तीनंतर आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनी मागच्या दाराशी एक जादा पायरी ओतली. "एकवीस दिवस पाणी द्यायचं, एकही चुकवायचा नाही," असं घरात सगळ्यांना बजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं आणि ते गेले.

घर माणसांनी भरलं. आई रडली नाही. सकाळ-संध्याकाळ उठायची, पायरीवरचं गोणपाट सारखं करायची आणि तांब्याने पाणी घालायची. "वहिनी, राहू द्या आता," काका म्हणाले. तिने ऐकलं नाही.

एकविसाव्या दिवशी तिने गोणपाट काढलं. पायरीवर जपून पाय ठेवला, मग दुसरा. आणि तिथेच बसून ती पहिल्यांदा रडली.