मी पुण्याची, असं मी म्हणाले

पेडण्याहून मी निघाले त्या दिवशी राजभाषेच्या वादावरून गोव्यात बंद होता. म्हापशाला एकही बस सुटली नव्हती, म्हणून बाबांनी माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्ही उलट्या दिशेला, पत्रादेवीच्या नाक्याकडे चालू लागलो. नाक्याच्या पलीकडे महाराष्ट्र. तिथून बांद्याला गेलं की पुण्याची एसटी मिळेल, असं कोणीतरी सांगितलं होतं. अर्ध्या वाटेवर रस्त्यात एक झाड आडवं पाडलेलं होतं. बाबांनी मला आधी पलीकडे उतरायला लावलं, ट्रंक फांद्यांवरून माझ्याकडे सरकवली आणि मग स्वतः आले. ते झाड मराठीवाल्यांनी पाडलं होतं की कोंकणीवाल्यांनी, हे मला आजही ठाऊक नाही. तिथं चार माणसं उभी होती. त्यांतल्या एकानं माझ्याकडे बोट करून विचारलं, चेडू खंय चाललां? बाबा म्हणाले, पुण्याला, गणित शिकायला. त्यावर चौघेही हसले. भाषेवरून ते कोणाशीही भांडले असते, पण मुलीनं गणित शिकायला जाणं ही हसण्याची गोष्ट आहे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

आई पायरीपर्यंतसुद्धा आली नव्हती. आदल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं होतं, "जातलंस तर जा. पण परत येवन माका शिकवू नको." बाबा नाक्यावर थांबले. मला म्हणाले, "थंय कोणी इचारल्यान तर पेडण्याची म्हणान सांग. लाजू नको." एवढं बोलून ते वळले आणि आले त्या वाटेनं चालत परत गेले.

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा, असं पत्र तुम्ही मला पाठवलंत. आपल्या गावची मुलगी पुण्यात गणिताची प्राध्यापक झाली, याचा तुम्हाला अभिमान आहे म्हणे. तो तुम्ही कुठून आणलात ते मला माहीत नाही. माझ्या वेळी या शाळेत दहावीच्या हुशार मुलांसाठी आठवड्यातून दोनदा जादा गणिताचा तास असायचा, आणि नेमका त्याच वेळी मुलींना शिवण असायचं. हेडमास्तरांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, वर्गात बाक कमी आहेत. दोन्ही वर्गांच्या मध्ये लाकडी पार्टिशन होतं. मी टीप घालता घालता पलीकडचं ऐकायची. फळा दिसत नसे, त्यामुळे सर काय लिहीत असतील ते मनात मांडून घ्यावं लागे. बहुपदी म्हणजे काय हे मी आधी कानांनी शिकले. फळ्याशिवाय गणित करण्याची सवय मला लागली ती तुमच्यामुळे. आभार मानायचे तर एवढ्यापुरते मानते.

पुण्यात तरी मी यातून सुटले, असं समजू नका. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी चमच्याला 'कुलेर' म्हणाले आणि खिडकीला 'जनेल'. आठवडाभर मुली मला कुलेर म्हणून हाक मारत होत्या. मी ते शब्द सोडले. मग हेल सोडला. रात्रंदिवस रेडिओवरच्या बातम्या ऐकून त्यांच्यासारखं बोलायची सवय केली. एमएस्सीच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. सर एखादा प्रश्न फळ्यावर टाकत तेव्हा त्यांची नजर आमच्या बाकावरून अशी पुढे जाई, जशी बंद दुकानावरून जाते. त्याच वर्षी गोव्याचं राज्य झालं. मेसमधल्या एका मुलीनं मला अभिनंदन केल्यासारखं काहीतरी म्हटलं. माझ्या घरी त्यामुळे काय बदललं, ते मला सांगता आलं नाही.

पुढे पीएच.डी.साठी मला मार्गदर्शक मिळाले ते माझं अक्षर चांगलं म्हणून. ते एक पुस्तक लिहीत होते. त्यांचा कच्चा मजकूर मी सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचा, असं ठरलं. चौथ्या प्रकरणातल्या एका प्रमेयाची सिद्धता चुकलेली होती, आणि पुढची दोन प्रकरणं त्याच्यावर उभी होती. मी तीन आठवडे खपून नवी सिद्धता लिहिली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "हेही स्वच्छ उतरवून घ्या." पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेच्या शेवटी माझं नाव होतं, सुंदर हस्ताक्षराबद्दल. मी ती प्रत घरी पाठवली नाही.

पीएच.डी. हातात आल्यावर मला परत यायचं होतं. हे तुम्हाला माहीत नसेल. गोव्यातल्या एका कॉलेजात जागा निघाली आणि मी मुलाखतीला आले. समोर चार पुरुष. मी रात्र जागून एक व्याख्यान तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्यही मला बोलायला मिळालं नाही. पहिला प्रश्न होता लग्नाचा. दुसरा होता, मोठे मुलगे तुमचं ऐकतील का. मग एकानं पेन उघडून विचारलं, घरात कुठली भाषा बोलता. मी म्हटलं, आमची. तो म्हणाला, म्हणजे कुठली. आमच्या घरात जे बोलतात त्याला अर्धं गाव मराठी म्हणतं आणि अर्धं कोंकणी. जे सांगितलं असतं त्यानं समोरच्या चौघांतले दोघे नाराज झाले असते. त्या दिवसांत जो तो भाषेला आई म्हणत होता. माझ्या आईला दोन्हींतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. ती जागा एका मुलाला मिळाली. त्यानं पीएच.डी. केलेली नव्हती.

मी पुण्याला परत गेले आणि तिथंच चिकटले. इथपर्यंतचं लिहून थांबले असते तर तुम्हाला हवी तशी स्मरणिका झाली असती. सगळ्यांनी छळलं, तरी ती पुढे गेली. पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि त्यात छळणारी मी आहे.

दहाएक वर्षांनी मी विभागात कायम झाले होते. पीएच.डी.च्या प्रवेश समितीवर एक बाई असावी असं वरून आलं, म्हणून मला घेतलं. पहिल्याच वर्षी वंदना नावाची एक मुलगी मुलाखतीला आली. राहणारी गोव्यातल्या डिचोलीची. वडील सिंधुदुर्गातून खाणीवर मजुरीला आलेले, आई खाणीवरच दगड वेचायची. हे सगळं अर्जात लिहिलेलं होतं. एमएस्सीनंतर तीन वर्षांचा खंड होता, लग्न आणि बाळंतपण यांमुळे.

मुलाखती सुरू व्हायच्या आधी ती मला जिन्यात भेटली. माझ्या आडनावावरून तिला कळलं असावं, किंवा कोणी सांगितलं असेल. तिचा चेहरा एकदम खुलला. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी पेडण्याच्या न्हय?"

आमच्या मागून समितीचे अध्यक्ष जिना चढत येत होते. मी म्हणाले, "नाही. मी पुण्याची."

ती बाजूला झाली आणि मला वाट दिली.

आत तिला सुरुवातीला एक सोपा प्रश्न विचारला. ज्या ग्रुपमध्ये घटकांची संख्या सम आहे, त्यात एकक सोडून आणखी एक तरी घटक स्वतःचाच व्यस्त, म्हणजे इन्व्हर्स, असतो, हे दाखवा. तिनं खडू हातात घेतलासुद्धा नाही. म्हणाली, प्रत्येकाची त्याच्या व्यस्ताबरोबर जोडी लावा. एककाला जोडी नाही, तो एकटा राहिला. एकूण संख्या सम आहे, म्हणजे आणखी कोणीतरी एकटं राहायलाच हवं. आणि बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून गेलं, "कोणतरी एकटा उरतलाच." एक सदस्य हसले. मीही हसले. मुद्दाम हसले, कारण ते माझ्याकडे पाहत होते.

पुढचे प्रश्न अवघड होते आणि तिनं तेही सोडवले. एका ठिकाणी अडली, पण का अडली ते तिनं स्वतःच नेमकं सांगितलं. ज्याला गणित येतं तोच हे सांगू शकतो. मग अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले की तो दुसरा विषय मॅडमनीच काढलेला बरा, बाईमाणसानं विचारलेलं चांगलं दिसतं. मला समितीवर कशाला घेतलंय ते तेव्हा मला कळलं. आणि कळूनही मी विचारलं, "मूल लहान आहे तुमचं. संशोधन कसं जमणार?"

वंदना म्हणाली, "मुलगी माझ्या आईकडे आहे. गणितातलं आणखी काही विचारणार आहात का?"

तिला मी जे गुण दिले ते समितीतल्या चौघांनी दिलेल्या गुणांत सगळ्यांत कमी होते. आपल्या भागातली म्हणून झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. त्या खोलीत ती जे बोलत होती ते बोलणं मी मोठ्या कष्टानं अंगावरून घासून काढलं होतं, आणि तिला त्याची लाजच वाटत नव्हती. मला तिचा राग आला होता. तिला प्रवेश मिळाला नाही. संध्याकाळी अध्यक्षांनी मला शाबासकी दिली, तुम्ही भावनेत वाहून गेला नाहीत म्हणून.

पुढल्या मे महिन्यात मी गावी आले. बाबा तेव्हा थकले होते, आमच्या काजूच्या बागेत जायचेही थांबले होते. वंदनाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. सकाळच्या बसनं म्हापशाला गेले आणि तिथून डिचोलीला. अर्जावरचा पत्ता माझ्या लक्षात होता. घरी कळलं, ती तिथल्या एका उच्च माध्यमिक शाळेत गणित शिकवायला लागली होती, आणि सुट्टीतही वर्ग घेत होती. स्टाफरूममध्ये दोन खुर्च्यांवर आम्ही समोरासमोर बसलो. वर्षानुवर्षं न बोललेल्या माझ्या भाषेत मी म्हणाले, "माजा चुकला गो, वंदना."

ती अगदी छापल्यासारख्या मराठीत म्हणाली, "तुम्ही पुण्याच्या ना? मग पुण्याचंच बोला."

मी पुण्याचं बोलले. जिन्यातलं, हसल्याचं, गुणांचं, सगळं सांगितलं. गुणांचं तिला माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर ती उठून व्हरांड्यात गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. मी म्हटलं, पुन्हा अर्ज कर, मी आहे. ती म्हणाली की तुम्ही आहात म्हणूनच करणार नाही. मग तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या, विनंती म्हणून नाही. तिच्याकडे खाणीवरच्या घरांतल्या सहा मुली होत्या, त्यांना दर मे महिन्यात येऊन शिकवायचं. आणि समितीत तो प्रश्न पुन्हा कोणी काढला, तर तिथंच, सगळ्यांसमोर तोंड उघडायचं.

दुसऱ्या वर्षी समितीत तो प्रश्न पुन्हा आला. समोर मराठवाड्यातली एक मुलगी होती. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की हा प्रश्न मी विचारणार नाही, आणि तुम्ही विचारलात तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावीन. त्या मुलीला प्रवेश मिळाला. मला समितीवरून काढलं. माझ्या जागी दुसऱ्या एक बाई आल्या, त्या गप्प बसतात. विभागात आता मला भांडखोर म्हणतात, आणि माझ्याकडे संशोधनाला यायचं तर विचार करा, असा सल्ला नव्या मुलांना देतात.

त्या सहा मुलींपैकी दोघींनी पुढे गणितात पीएच.डी. केली. एकीनं अर्ध्यावर सोडली, तिच्या विभागातही माझ्यासारखं कोणीतरी होतंच. बाकीच्या तिघींना घरच्यांनी पाठवलं नाही. वंदनानं पुन्हा कधीच अर्ज केला नाही. तिनं जे संशोधन केलं असतं ते कुठंच नाही, कोणीही त्याची सिद्धता आता लिहून देऊ शकत नाही. तुमच्या स्मरणिकेत माझा फोटो छापायचा असेल तर त्याखाली हे छापा. छापणार नसाल तर फोटोही नको.

आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांना एकच विचारते. तिथं तुमच्या दारात आपल्याकडचं कोणी आलं, तेव्हा तुम्ही कुठले आहात असं सांगितलंत? मला उत्तर नका पाठवू.

आई गेली, मग बाबाही गेले. पेडण्याचं घर भावाकडे आहे, तिथं मी सुट्टीत पाहुणी म्हणून दोन दिवस राहते. बाकीचे दिवस डिचोलीला. दर मे महिन्यात वंदना मला एक वर्ग उघडून देते, मुलींची यादी हातात देते, आणि काय शिकवायचं ते सांगून निघून जाते. मुली आपसात आपल्याच भाषेत बोलतात, मला त्यांच्याच भाषेत शंका विचारतात, आणि मी त्याच भाषेत उत्तर देते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा येतो. वंदना सगळ्यांना स्वतः ओतून देते. मला देत नाही. मी पुढच्या वर्षीही जाणार आहे, कारण मला घर म्हणायला एवढीच जागा उरली आहे.