भास्करच्या कानातली प्रेस

लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस साचतो. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग. आम्हा तिघांच्या किश्श्यांचं तसंच आहे. त्यातले बेटाच्या सहलीचे तर असे, की आठवले की मी अजून तोंड उघडं टाकून बसतो.

तिघे म्हणजे आमच्या प्रेस शॉपचे सुपरवायझर सुर्वे साहेब, तिथंच प्रेस मशीनवर पत्रा ठोकण्यात तीस वर्षं काढलेला भास्कर कांबळे आणि तिथलाच मी. मला सगळे नाना म्हणतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळच्या चहाला महाळुंग्याच्या चौकात आमची हजेरी चुकत नाही.

*

भास्कर नेहमी म्हणायचा, "कंपनी सुटली राव, पण कानातली प्रेस सुटली नाही. मोटर चालू ठेवून कुणी निघून गेल्यासारखी. घूंऽऽऽ... दिवसभर."

सुर्वे साहेब विचारायचे, "ओव्हरटाइम मिळतो का रे त्याचा?"

आम्ही हसायचो. मीसुद्धा.

एका सकाळी त्यानं विचारलं, "नाना, एकही मशीन नाही अशी जागा कुठं असेल? तिथं तरी ही थांबते का, ते बघायचंय एकदा."

आम्ही विचार करायला लागलो. गाव म्हणावं, तर गिरणी. शेत म्हणावं, तर बोअरची मोटर. देऊळ म्हणावं, तर भोंगा! शेवटी सुर्वे साहेबांच्या सुनेनं मोबाइलवर एक बेट काढून दिलं. थेट अंदमानात! नुसतं जंगल. वस्ती नाही, वीज नाही, नेटवर्क नाही. बोट सकाळी सोडते, दुपारी परत आणते.

मी गार पडलो. माझी आजवरची सगळ्यात लांबची सहल म्हणजे महाबळेश्वर!

भास्कर म्हणाला, "चालेल." जसं काही शेजारच्या निघोज्याला जाऊन यायचंय!

*

चार दिवसांनी सुर्वे साहेब भलामोठा चार्ट घेऊन आले. सहा ते दोन, फर्स्ट शिफ्ट. बोटीत चढताना हजेरी कोण घेणार, चपला कोण सांभाळणार, सांभाळणारा पाण्याकडे गेला तर त्याचा रिलीव्हर कोण, सगळं लिहिलेलं. मधोमध एक नारळाचं झाड, त्याखाली लाल अक्षरं : असेंब्ली पॉइंट.

"साहेब, माणसं तीन," मी म्हणालो. "आणि चहूकडून समुद्र. आग लागल्यासारखं पळून इथं जमायचं ते कशासाठी?"

"नाना, सेफ्टीत चर्चा नसते!"

*

चिंचवडच्या ट्रॅव्हल ऑफिसात एक मुलगी होती. सुर्वे साहेबांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "बोट गुरुवारी आहे ना?"

"काका, गुरुवारच का?"

"वीकली ऑफ!"

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. पण आम्ही तर सगळेच दिवस घरी! त्या मुलीनं तरी गुरुवारच लिहून घेतला. मग समजावत म्हणाली, "काका, त्या बेटावर बघण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्या बेटावर जा. जेट स्की आहे."

भास्करनं विचारलं, "त्याला इंजिन असतं का?"

"असतं ना!"

"मग नको."

"पण तिथं तुम्हाला करायचंय तरी काय?"

"ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"काहीच नाही," भास्कर म्हणाला.

*

नवीन पार्ट असला की आधी ट्रायल. त्यामुळं सहलीचीही ट्रायल झाली! एका गुरुवारी डबे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही निघोज्यापलीकडच्या टेकडीवर चढलो आणि झाडाखाली गप्प बसलो. भास्कर डोळे मिटून ऐकत होता.

साडेबाराला माझ्या कानाशी कर्रकन शिट्टी वाजली! मी उडालोच. सुर्वे साहेबांनी कंपनीतली जेवणाच्या सुट्टीची शिट्टी अजून जपून ठेवली होती! आणि खरं सांगतो, आम्ही तिघांनी एकदमच डबे उघडले.

भास्कर हसला. "ह्या शिट्टीला सगळ्या प्रेस थांबायच्या, नाही साहेब?"

"आत्ता थांबली का?"

त्यानं मान हलवली. "खाली हायवेचे कंटेनर चाललेत. कुठला आवाज खालचा आणि कुठला माझा, कळतच नाही."

*

निघायच्या आदल्या दिवशी भास्करच्या घरी गेलो. बॅग भरलेली होती. वहिनी चहा घेऊन आल्या. भास्कर आत गेलाय असं बघून हळूच म्हणाल्या, "नाना, तिथं जाऊनबी नाही थांबली तर?"

मी चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या चार्टात हे कुणी लिहिलंच नव्हतं.

"दोन महिने झाले, हे खुशीत आहेत," वहिनी म्हणाल्या. "बेट, बेट करतात. परत आल्यावर कशाची वाट बघतील?"

*

बेट फोटोत होतं तसंच निघालं. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. आम्ही झाडीत थोडं आत गेलो आणि एका पडलेल्या खोडावर बसलो. त्या दिवशी वारासुद्धा नव्हता. पान हलत नव्हतं. भास्करनं डोळे मिटले.

थोड्या वेळानं मला लांबून इंजिन ऐकू यायला लागलं. बारीक, पण एकसारखं. माझा जीव कळवळला. एवढ्या लांब आणलं याला, आणि हा बोटवाला! मी तरातरा किनाऱ्यावर गेलो.

"भैया, इंजन बंद करो!"

तो वाळूत आडवा पडला होता. उठून बसत म्हणाला, "इंजन तो कब का बंद है, अंकल."

तरी आवाज चालूच होता. मग हळूहळू परत आलो. सुर्वे साहेब दोन्ही कानांवर हात दाबायचे, काढायचे, पुन्हा दाबायचे. चेहरा पांढराफटक.

"नाना," ते म्हणाले, "ही कुठली मशीन चालू आहे?"

मी माझ्याच कानाला बोट लावलं.

भास्करनं डोळे उघडले. आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोडावर सरकून त्यानं मला जागा करून दिली. माझा हात हातात घेतला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "सवय होते. साहेब, शिट्टी आणलीय ना?"

सुर्वे साहेबांनी खिसा चाचपला. जेवणाची सुट्टी साडेबाराची, अजून दहासुद्धा वाजले नव्हते. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, आणि आम्ही तिघांनी कान टवकारले.