चोवीस तासांचा कॅन

बीडच्या बसस्थानकामागच्या लॅबमधल्या तंत्रज्ञाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानंही माझं विचारलेलं नाही. दर महिन्याला साखर तपासायला जातो, म्हणून तो मला ‘उपाशीपोटी’ अशी हाक मारतो. सगळ्यांना तो तपासणीच्याच नावानं ओळखतो.

मागच्या महिन्यात चार कार्यकर्त्यांसह एक पुढारी आले. चेहरा फुगून गोल झालेला, हातपाय काडीसारखे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ दिसली होती. ती कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड वाजवीपेक्षा जास्त बनवते का, हे चोवीस तासांच्या लघवीतून कळणार होतं. एका कार्यकर्त्यानं कॅन हारासारखा दोन्ही हातांनी पुढे केला.

“या, चोवीस तास! सगळी हाय ना?”

“लिंबागणेशला उद्घाटन होतं,” पुढारी म्हणाले. “एकदा तिथं झाली.”

लॅबवाल्यानं कॅन सरळ बेसिनमध्ये ओतला.

“कुणाची हाय, कळतंय का बे?” कार्यकर्ता ओरडला.

“कळतंय म्हणून तर ओतली. लघवी कमी भरली की हार्मोन कमी दिसतंय, अन् गाठ निर्दोष सुटती. साहेब, पुन्हा करा. उद्घाटनाला कॅन संगं न्या.”

दोन दिवसांनी मी रिपोर्ट न्यायला गेलो, तेव्हा पुढारी एकटेच आले, कॅन शालीखाली धरून. “वडवणीच्या सभेतून तीनदा उठलो,” ते हळूच म्हणाले.

त्यानं लघवी मापली, आकडा लिहिला आणि मनापासून म्हणाला, “लई झकास काम केलं, साहेब. कुठंच गळती न्हाई.”

पुढारी चक्क लाजले. कारकिर्दीत असं प्रशस्तिपत्र त्यांना बहुधा पहिल्यांदाच मिळत होतं.