तू पाव्हनी शे, बठ

होळीला आठ दिवस होते. सकाळी वॉर्डात मी आधीच्या सिस्टरकडून चार्ज घेत होते आणि विलासचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "बा गेली," एवढंच म्हणाला. बा म्हणजे त्याची आई. अंगणात सडा टाकता टाकता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही... मी फोन खिशात टाकला, तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईचं सलाईन बदललं आणि बेसिनपाशी हात धुताना मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. सुटली माझ्या तावडीतून, असं वाटलं. चौदा वर्षं जिच्यावर मी डूख धरून होते ती बाई मला न विचारता, मला न हरवता, निघून गेली होती. सासूबद्दल लिहिताना 'त्या' म्हणायची रीत आहे. पण मनातल्या मनात मी तिला कायम 'ती'च म्हटलं, आणि आता खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

माझं माहेर नवापूरकडचं, चिंचपाड्याच्या अलीकडचं एक डोंगरातलं गाव. आम्ही ख्रिस्ती. आई-बाप थोडी शेती करायचे आणि उरलेले महिने मजुरी. मी नर्स झाले, नाशिकला नोकरीला लागले आणि तिथे विलास भेटला. त्याचं घर तापीकाठचं, केळी-कापूस-ऊस पिकवणारं. पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेली ती माणसं. घरात आपसात गुजरी बोलतात, बाहेरच्यांशी अहिराणी. लग्न आम्ही नोंदणी करून केलं आणि महिन्याभराने विलास मला गावी घेऊन गेला. सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते चांगलं बोलले. बा आतून आली. ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी वाकून पाया पडले आणि तिच्या हातातली चहाची किटली घ्यायला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरली आणि हसून म्हणाली, "तू पाव्हनी शे, बठ." विलासशी गुजरीत बोलत होती, माझ्याशी अहिराणीत. मजुरांशी बोलायची ती भाषा.

तेव्हा मला तो मान वाटला. पुढे दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला, मिरची वाळत घालायच्या दिवसांत, आम्ही पंधरा-वीस दिवस गावी जायचो आणि दर वर्षी मी पाहुणीच असायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेले की ती आतून यायची, दारात उभी राहायची आणि तेच म्हणायची. कधी आवाज चढवला नाही, कधी वाकडं बोलली नाही. कोणाला सांगू तरी काय? सासू बसवून खायला घालते, ही काय तक्रार झाली? विलासला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तुला आराम मिळावा म्हणून म्हणत असेल." आमची मेघना दोन वर्षांची असताना एका सकाळी मी लवकर उठले आणि परसातल्या गवारीच्या वाफ्यांना पाणी घातलं. परस म्हणजे बाचं दुसरं स्वयंपाकघर. वांगी, मिरची, अळू, मोगरा, सगळं तिच्या हातचं. तासाभराने पाहिलं तर ती वाफ्यात उकिडवी बसून फुलोऱ्यावर आलेली गवार एकेक करून उपटत होती. दोन्ही वाफे रिकामे केले, पाटीत भरले आणि उकिरड्यावर नेऊन टाकले. दादांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "रोग लागना व्हता." मेघना माझ्या कडेवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, झाड." त्या दिवशी मी ठरवलं, कधीतरी ही चूल माझ्या हाताखाली येईल, हा वाफाही येईल, आणि ही बाई माझ्याच हातचं खाईल. देवाच्या नावाने ठरवलं, हेही सांगून टाकते. चर्चमध्ये गुडघे टेकून मी क्षमेची प्रार्थना म्हणायचे आणि एक नाव गाळायचे.

दोन वर्षांपूर्वी तो दिवस आला. मार्च संपता संपता बा न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. नंदुरबारला ऑपरेशन झालं. दादांनी फोन केला तो विलासला नाही, मला. "बेटा, तुले यातलं कळस. तू ये." मी साठवलेली सगळी रजा टाकली, मेघनाची परीक्षा संपली तशी तिला घेतलं आणि गावी पोचले. बा पुढच्या खोलीत खाटेवर होती. मला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस फक्त दूध आणि केळी घेतली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी आणि वांग्याची भाजी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत, बा. खायचं नसेल तर तसं कागदावर लिहून द्या, मी डॉक्टरांना दाखवते." तिने खाल्लं. सगळं खाल्लं. मग ताट सरकवून म्हणाली, "मीठ जास्ती शे."

खाली बसून रांधणं तिला आता जमणार नव्हतं, उकिडवं बसणं तर नाहीच. म्हणून मी दादांना विचारून घराला हात घातला. कमोड बसवला, न्हाणीला खरबरीत फरशी, भिंतीला धरायला दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार. आणि स्वयंपाकघर. चुलीची जागा काढून उभ्याचा ओटा करायचा, तर जुनी जमीन फोडावी लागणार होती. हे सगळं तिच्या भल्याचं होतं. कोणतीही नर्स हेच सांगेल. पण गवंड्याने पहिला घण घातला तेव्हा मला जे सुख झालं ते नर्सचं नव्हतं. खाटेवरून आवाज आला, "कोन फोडी ऱ्हायनं?" मी दारात जाऊन म्हटलं, "मी फोडतेय, बा." दिवसभर घणाचा आवाज चालू होता आणि मी मुद्दाम पुढच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं.

वॉकर अडकतो म्हणून उंबराही काढायला सांगितला. जुनं सागवान, मधे पावलांनी झिजून खोलगट झालेलं. टाकू कुठे, असं गवंड्याने विचारलं. मी म्हटलं, द्या इकडे. परसात बसून कुऱ्हाडीने त्याचे तुकडे केले आणि त्यावर तिच्या अंघोळीचं पाणी तापवलं. तिला न्हाऊ घालताना, पाठीवर तांब्या ओतताना सांगितलं, हे पाणी कशावर तापवलंय ते. माझ्या हाताखाली तिची पाठ जराशी ताठ झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सागना लाकूड शे. चांगला जळस." मला वाटलं होतं ती रडेल. मी सूड घेत होते आणि ती मला तो पुरा घेऊ देत नव्हती.

महिन्याभरात ती वॉकर धरून चालू लागली. एक दिवस स्वयंपाकघरापर्यंत आली, ओट्याकडे पाहिलं आणि पिठाच्या डब्याला हात घातला. मी डबा काढून घेतला आणि तिच्याच आवाजात म्हटलं, "तुम्ही पाहुण्या आहात, बा. बसा." ती परत फिरली. मेघना तेव्हा अकराची होती, दारात उभी होती. मला म्हणाली, "आई, तू बाशी अशी का बोलतेस?" मी म्हटलं, "तुला माहीत नाही." ती म्हणाली, "मला दिसतंय ना पण." गवार उपटली जाताना माझ्या कडेवर होती तीच मुलगी. तेव्हा तिने आजीला पाहिलं होतं, आता मला पाहत होती. मला लाज वाटली, खोटं का बोलू... पण डबा मी परत दिला नाही.

परसही मी ताब्यात घेतलं होतं. तिचे वाळलेले वाफे खणून काढले आणि आईकडून आणलेलं बी लावलं. डांगर, दोडका, गवार. गवार तर मुद्दाम. भराभर उगवून आलं सगळं. तिच्या खाटेच्या खिडकीतून दिसेल अशीच जागा निवडली होती मी. आणि मग पंधराव्या दिवशी पानं पिवळी पडायला लागली. कडा करपल्या, रोपं माना टाकू लागली. मी पाणी वाढवलं, कमी केलं, शेणखत घातलं. रोज सकाळी दोन-चार रोपं गेलेली असायची. बा खिडकीतून बघत असायची. शेवटी एका संध्याकाळी मी मेलेलं दोडक्याचं रोप हातात घेऊन उभी होते आणि मागून वॉकरचा आवाज आला. उतारावरून एकटी उतरून ती परसात आली होती. म्हणाली, "फिनाईलनं पानी जाई ऱ्हायनं झाडेसले. आठ दिनफाईन देखी ऱ्हायनी मी." आठ दिवसांपासून बघत होती ती. मला एका क्षणात कळलं. नव्या न्हाणीचं पाणी मी वाफ्यांकडे काढलं होतं आणि दवाखान्याच्या सवयीने ती न्हाणी रोज दोनदा फिनाईलने धूत होते. "मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू इचारं का माले?"

मला हसू फुटलं. राग इतका आला होता की दुसरं काही सुचलं नाही. तीही हसली, तोंडावर पदर धरून. खाटेवर पडल्या पडल्या, एक पाय निकामी असताना, नुसतं गप्प राहून तिने माझी बाग मारली होती. इतक्या वर्षांत मला माझ्या तोडीचं माणूस भेटलं ते हेच, असं तेव्हा वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने उभ्यानेच काठी रोवून दाखवली तिथून मी चर खणला आणि घाण पाणी लांब काढलं. नवं बी मेघनाने टाकलं. किती खोल, किती अंतर, ते बाने सांगितलं. माफी कोणी कोणाची मागितली नाही. जून लागला तेव्हा आम्ही नाशिकला परतलो.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा गेलो. बा आता एक काठी घेऊन चालत होती. मी सामान ठेवून आत निघाले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. तिथे नवा उंबरा होता. तोच गवंडी बोलावून तिने बसवून घेतला होता, दोन बोटं उंचीचा, काठी अडकणार नाही इतपत. बा आत उभी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "पुन्हा घातलात?" ती म्हणाली, "उंबरा नही ते तुले मझार कशी बलावू?" मझार म्हणजे आत. मग ती बाजूला सरली, दार मोकळं केलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. आजवर मी 'नवापूरवाली' होते. "ये वं, इस्तेर."

इथेच मी थांबायला हवं होतं. तेवढं एक पाऊल टाकलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. पण इतक्या वर्षांचं साठलेलं माझ्या जिभेवर तयार बसलं होतं. मी म्हटलं, "नको बा. मी पाहुणी आहे. मी बाहेरच बसते." ती आत वळली. ते वीस दिवस मी ओसरीवरच बसले. ती लंगडत लंगडत ताट आणून माझ्यापुढे ठेवायची आणि मी बसल्या जागी जेवायचे. मला वाटत होतं, मी जिंकले. यंदा गेल्यावर आत जाऊ, असंही ठरवलं होतं, पण तिला अजून थोडं झुलवून.

होळीच्या आधी आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात होती, पांढऱ्या कापडात. बायका भोवती बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, पाणी आणा. मी आत गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. दादा एकटे आहेत, म्हणून मी पुन्हा रजा काढून इथे आले आहे. मेघनाची परीक्षा संपली, तीही आली. मी रांधते, आणि रांधताना रोज माझी नडगी एका फळीवर आपटते. ओट्याच्या पुढ्यात, अगदी मधोमध, दोन उभ्या विटांवर आंब्याची जाड फळी टाकलेली आहे. पहिल्या दिवशी कळेना ही कशाला. मग फळीवर दोन पावलांच्या जागा दिसल्या, घासून गुळगुळीत झालेल्या, आणि कळलं. आता हेही लिहायला हवं. ओटा बांधताना गवंड्याने विचारलं होतं, आजींच्या उंचीने करू का? मी नको म्हटलं होतं आणि स्वतःच्या कमरेला हात लावून माप दिलं होतं. माझ्यापेक्षा ती वीतभर ठेंगणी. सांधलेल्या खुब्याने दोन वर्षं दर भाकरीला ती त्या फळीवर चढली आणि उतरली. विलासला बोलली नाही, मलाही नाही.

मी दादांना विचारलं, "गवंडी उंबऱ्यासाठी आलाच होता, तेव्हा ओटा का नाही खाली करून घेतला?" दादा अंगणात मिरच्या पसरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी बोलनू व्हतू तिले. ती म्हने, ऱ्हाऊ दे. तिले बरा पडस."

तिले म्हणजे मला... ओटा माझ्यासाठी तसा ठेवला की माझ्यावर डाव टाकला, हे मला अजून ठरवता येत नाही. मी बाला ओळखते, ती दोन्ही करू शकते. काल भाकरी टाकताना नडगी पुन्हा तिथेच आपटली, आधीच्याच काळ्या डागावर. मेघना धावत आली आणि वाकून फळी उचलायला लागली. "काढून टाकू का ही, आई?"

मी म्हटलं, "राहू दे."