वरल्या पारीची वाट

देवीने त्या दिवशी मला कौल दिला की नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं तर मी सांगायला लागतो आणि मध्येच अडखळतो. जे घडलं ते फार साधं होतं. कोणी म्हणेल, यात देवाचं काय आलं? मीही कधी कधी तसंच म्हणतो. पण सायकलीवर बसलो आणि वाटेत एखादा गोटा चाकाखाली आला, की आपोआप हात जोडावेसे वाटतात. हात तर हँडलवर असतात, म्हणून मनातल्या मनात जोडतो.

मी मूळचा कोकणातला. ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावरची वाळू सिमेंटसारखी घट्ट होते, तिच्यावर मी सायकल शिकलो. धक्का म्हणून नाही. चांगली वाट म्हणजे अशीच, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. वडील गेले आणि सातवीतच शाळा सुटली. पुढे विशी ओलांडल्यावर आत्याने मला भंडाऱ्याकडे बोलावून घेतलं; तिचे यजमान जवाहरनगरला नोकरीला होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा जीव मुळातच धास्तीचा. दोन ठिकाणी कामाला लागलो आणि दोन्ही ठिकाणी टिकलो नाही. कोणी ओरडलं की मला सुचेनासं व्हायचं. आता परत जाऊन आईला काय तोंड दाखवायचं, या विचाराने रात्री झोप लागत नसे.

तेव्हा करडीच्या बाजूचे दशरथमामा भेटले. ढिवर समाजातले, तलावाची मासेमारी करणारे. लहान डबक्यांमध्ये ते रोहू-कतल्याची बोटुकली वाढवायचे, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पावसाळ्यात ती गावोगावच्या तलावांत सोडायची आणि उन्हाळ्यात मोठी झालेली धरायची. पिल्लं हंड्यात घालून सायकलीवरून पोचवणारा माणूस त्यांना हवा होता. मी समुद्राकाठचा म्हटल्यावर ते हसले. "मंग मासे त तुले मामाच मानत असन," म्हणाले. त्यांना काय सांगू, मी मासा पाहिला तो कोळणीच्या टोपलीतच, मेलेला. जिवंत माशाची मला काही म्हणता काही माहिती नव्हती.

आठ-दहा खेपा मामांच्या मागोमाग केल्या. श्रावण संपता संपता मामांच्या पायाला काटा लागून पाय सुजला, आणि एक खेप माझ्यावर एकट्यावर आली. तलावापलीकडच्या एका गावातले ढिवर वाट पाहत होते. त्या साली त्यांच्या तलावात टाकायला दुसरी बोटुकली मिळणार नव्हती. ही मेली तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांची जाळी कोरडी राहणार होती. मामांनी पहाटे दोन हंडे कॅरिअरच्या दोन बाजूंना जुन्या ट्यूबने आवळून दिले, तोंडावर ओलं फडकं बांधलं आणि एवढंच म्हणाले, "समुंदरवाले, मधात थांबू नोको." मला वाटलं, उशीर होऊ नये म्हणून म्हणतायत.

सडकेने निघालो. धक्का बसला की हंड्यातलं पाणी उसळायचं. एवढ्याशा जिवांना केवढा मार लागत असेल! म्हणून मी खड्डे चुकवत, जिथे जिथे सपाट दिसेल तिथून, अगदी झोपलेलं मूल न्यावं तशी सायकल नेत होतो. पुढे नाल्याला पाणी आलेलं, सडक बंद. मामांबरोबर असताना असं कधी झालं नव्हतं. मग तलावाच्या कडेने वळलो. थोडं गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटले. एक खालून, पाण्याच्या काठाने, हिरव्या गवतातून गेलेली गुळगुळीत वाट. दुसरी वरून, तलावाच्या बांधावरून. त्याला इकडे पार म्हणतात. वर नुसते गोटे आणि झाडांच्या मुळ्या. आसपास कोणी माणूस नाही. फाट्यावर एका मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता, मातामायचा, म्हणजे इकडच्या ग्रामदेवीचा.

आमच्याकडे अडलं-नडलं की देवीला कौल लावतात. फुलं ओली करून देवीला चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूचं फूल पडतं ते पाहायचं. मी सायकल झाडाला टेकवली. दोन रानफुलं तलावाच्या पाण्यात भिजवली, एक उजवीकडे लावलं, एक डावीकडे. उजवं पडलं तर खालची वाट, डावं पडलं तर वरची. मनातून उजवंच पडावं असं वाटत होतं. गाऱ्हाणं सुरू केलं. बाय माझे, परक्या मुलखात आहे, माझी लाज राख, ही एवढी खेप पार पाड. बोलत गेलो तसा आईचा, गावाचा, सगळ्याचाच उमाळा आला. फुलं काही हलेनात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किती वेळ गेला, कळलं नाही.

"काहून रे भाऊ, देवीले पाहून राहिला का मासे पाहून राहिला?"

दचकून मागे पाहिलं. डोक्यावर धानाच्या रोपांची पेंढी घेतलेली एक बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले. तिने पेंढी खाली टाकली आणि सरळ हंड्यावरचं फडकं सोडलं. मी आत पाहिलं तर पिल्लं सगळी वर आलेली, तोंडं उघडून पाण्याबाहेर काढत होती. दोन-चार आडवी झालेली.

"पानी झोपलं न बाप्पा! आता रडशीन मंग. हात घाल!"

तिने ओंजळीने पाणी उचलून वरून सोडायला सुरुवात केली, थपाथप, थपाथप. मी दुसऱ्या हंड्यात तसंच करू लागलो. पाणी स्थिर राहिलं की त्यातला वारा संपतो आणि मासा गुदमरतो, ही एवढीशी गोष्ट मला तेव्हा कळली. पिल्लं हळूहळू खाली गेली. मी म्हटलं, "बाई, खालच्या वाटेने सावकाश नेतो आता." तर ती अशी हसली, की आजही ऐकू येतं.

"सावकाश कायले? लगन लागाले चालला का? वरल्या पारीनं जाय."

"वर गोटे आहेत हो."

"गोटेच पायजेत तुले. धक्क्यानं नाई मरत थे. जाय लवकर, मांगं पाहू नोको."

मी गेलो. कसा गेलो ते विचारू नका. हाडं खिळखिळी झाली, पाणी पाठीवर उडत होतं. प्रत्येक दणक्याला मी "बाय माझे, बाय माझे" म्हणत होतो आणि हंड्यातून डुबुक डुबुक आवाज येत होता. ज्या धक्क्यांपासून मी पिल्लांना वाचवत होतो तेच त्यांना श्वास देत होते. हे सगळं समजून मी चाललो होतो असंही नाही. भीती वाटत होती, कोणीतरी जा म्हटलं होतं, म्हणून पाय मारत होतो. बस.

गावात पोचलो तर म्हातारे सुखराम आबा आणि त्यांची माणसं काठावर बसलेली. त्यांनी हंडे तलावात बुडवून थोडा वेळ तसेच धरले, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं व्हावं म्हणून, आणि मग अलगद कलते केले. बोटुकली सुळकन निघून गेली. दहा-पंधरा तेवढी तरंगली. "चालते एवढं," आबा म्हणाले. मी तिथेच चिखलात बसून रडलो. कोणी चहा दिला, कोणी हसलं. मी त्या बाईचं सांगितलं. आबा म्हणाले, "रोप घेऊन? त्या बाजूचा रोवना त कवाच आटपला." रोवना म्हणजे भाताची लावणी. दुसरा म्हणाला, "असन कोनाची बाई, कमी पडलं असन रोप." आणि विषय संपला.

परत जाताना मुद्दाम त्या मोहाखाली थांबलो. बाई नव्हती, पेंढीही नव्हती. दोन्ही फुलं दगडाला जिथल्या तिथे चिकटलेली होती, सुकून. उजवंही पडलं नव्हतं, डावंही नाही. कौल मिळालाच नाही म्हणावं, तर मला वाट कोणी दाखवली? आणि मिळाला म्हणावं, तर ही फुलं अशी का? ती बाई कोणाच्या तरी शेतावर निघालेली साधी मजूर असेल. असेलच. मग तिला नेमकी तेव्हाच तिथून जाण्याची बुद्धी कोणी दिली, एवढंच मला कळत नाही. खरं तर आता कळावं असंही फारसं वाटत नाही.

मामांना सांगितलं तर ते सुजलेला पाय चोळत म्हणाले, "काहो समुंदरवाले, तुमच्याकडं समुद्र कधी निजलेला पाह्यला का?" नव्हता पाहिला. सगळं लहानपण त्याच्या काठी काढलं, आणि तो सतत का हलत असतो हे कधी मनात आलं नव्हतं.

मी या मुलखातच राहिलो, हेच काम करत. सपाट वाट मागणं त्या दिवशी सुटलं. त्यानंतर कौल कधी लावला नाही. देवीवरचा विश्वास उडाला म्हणून नाही, उलटच. जिथे न्यायचं तिथे ती नेईल, ते ती फुलांनी सांगो, नाहीतर चिखलाच्या पायांनी येऊन रागावो. अडलं की गाऱ्हाणं मात्र अजून घालतो, आईने शिकवलं तसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त घालताना हात हंड्यातल्या पाण्यात असतो, आणि पाणी हलत असतं.