राजा पडेल, घोडी नाही

आमच्या बडोद्यात एका ऐतिहासिक मालिकेचे चित्रीकरण होते, तेव्हा पगड्या तपासायला मला बोलावले. निवृत्त इतिहास शिक्षकाला याहून मोठा मान सहसा मिळत नाही. गोरव्यातल्या एका बंद कारखान्याच्या आवारात थर्माकोलचा राजवाडा उभा होता. राजेसाहेब, म्हणजे राजाचे काम करणारे नट, खुर्चीत बसून नारळपाणी पीत होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, आणि नारळ आणून देणाराही चालण्या-बोलण्यातून अर्धा सर झाला होता.

जनावर असले की डॉक्टर हजर हवा, असा नियम. म्हणून माझ्या मेहुणीला आणले होते. ती सरकारी पशुचिकित्सालयातून निवृत्त झालेली. तिने कोपऱ्यात बसावे, सांगतील तिथे सही करावी, एवढीच मंडळींची अपेक्षा. तिने पहिल्याच सकाळी शॉटआधी कानाशी वाजणारी पाटी, म्हणजे क्लॅप, बंद पाडला.

घोडी मांडवीजवळच्या एका चाचांची, पांढरीशुभ्र, वरातींची. कैक नवरदेव तिने बँड आणि फटाक्यांच्या दणदणाटात सुखरूप मांडवापर्यंत पोचवले होते. तीच घोडी इथे क्लॅप वाजला की थरथरत होती. मला नवल वाटले.

“भाऊजी, वरातीत गोंगाट सलग असतो,” मेहुणी म्हणाली. “इथे आधी सगळे चिडीचूप, मग कानाशी फाडकन! तुम्ही काय केलं असतं?”

तेव्हापासून क्लॅप शॉट संपल्यावर, लांबून वाजू लागला. चहासुद्धा माइकवरून मागवणारे दिग्दर्शक ‘अ‍ॅक्शन’ची खूण हाताने करू लागले. मला हे जरा जास्तच वाटले होते. पण संध्याकाळपर्यंत घोडी लाइटवाल्यांच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिग्दर्शकांना स्फूर्ती झाली. राजाला गोळी लागते, तेव्हा घोडीही कोसळली पाहिजे. तिच्या पुढच्या पायाला बारीक दोरी बांधायची, ती दौडत आली की ओढायची. घोडीसाठी काढलेल्या परवानगीत उभे राहणे, चालणे आणि दौडणे एवढेच होते. त्यांच्या मते हा ‘छोटासा चेंज’ होता.

“मॅडम, रेत एकदम सॉफ्ट है.”

“रेत आपकी है, पैर उसका है,” मेहुणी म्हणाली. “टूट गया तो जुडता नहीं. मारना पडता है. बोलो, कौन मारेगा?”

चाचा लगाम धरून उभे होते. राजाची घोडी आपली, हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवले होते. ते हळूच म्हणाले, “साहेब मोटा माणस छे, बेन. ना केम कहेवाय?” मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हा प्रश्न मलाही आयुष्यभर पडत आलेला आहे.

“तमारे नथी कहेवानुं. हुं कहुं छुं,” मेहुणी म्हणाली. तुम्ही नका म्हणू, मी म्हणते.

मॅनेजरने तासाभरात दुसरा डॉक्टर आणतो, अशी धमकी दिली. “आणा की,” असे म्हणून ती घोडीच्या पुढच्या पायाशी जाऊन उभी राहिली. भर उन्हात. मला राहवेना. मी छत्री घेऊन गेलो.

“माझ्यावर नको, भाऊजी. तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय, तिच्यावर धरा.”

पगडीतज्ज्ञाने मग पाऊण तास घोडीवर छत्री धरली. आयुष्यात मी याहून बऱ्या कामाला फार कमी वेळा उभा राहिलो आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी फोनवर फक्त तिथे आत्ता कोण आहे, एवढे विचारले. उत्तर ऐकताच त्यांना तातडीने आणंदला जावे लागले.

“गिरना राजा को है ना?” मेहुणीने दिग्दर्शकांना विचारले. “तो राजा गिरे. घोडी अकेली, खाली जीन लेके आगे जाएगी.”

दुसरा इलाजच नव्हता. राजेसाहेब स्टुलावरून गादीवर नऊ वेळा पडले, कारण पडताना ते दर वेळी एक हात पगडीला लावत. मग रिकामे खोगीर घेऊन घोडी एकटीच दौडत आली. दिग्दर्शकांनी मॉनिटरवर तो शॉट तीनदा पाहिला. नंतर म्हणाले, हे पडण्यापेक्षा भारी आहे. संध्याकाळपर्यंत ती कल्पना त्यांचीच झाली होती. मेहुणीने खुशाल होऊ दिली.

दिवस संपला. चाचांनी फाटकाजवळ बादली ठेवून घोडीला पाणी दाखवले. “बेन, आजे बहु बीक लागी,” ते म्हणाले. आज फार भीती वाटली.

“मनेय,” मेहुणी म्हणाली. म्हणजे तिलाही.

मला हे नवीन होते. पाऊण तास तिच्याजवळ उभा राहूनही मला ते कळले नव्हते.

मागे राजेसाहेबांची लांबलचक गाडी येऊन थांबली. फाटकात घोडी आडवी. मॅनेजर धावत पुढे आला, त्याने मेहुणीकडे पाहिले आणि वळून ड्रायव्हरलाच थांबायची खूण केली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. घोडी सावकाश, पोटभर प्यायली.